शंभर फुटीजवळचे मिस्त्री आणि आमच्या बोटीचा फिल्टर

सांगलीत बोटीच्या इंजिनाचं काम कोण करतं, असं गेल्या दोन महिन्यांत मला चौघांनी विचारलं. चौघेही नदीकाठच्या गावांतले. प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

दुकान शंभर फुटी रस्त्यावरून आत जाणाऱ्या बोळात आहे. पाटी नाही. बाहेर द्राक्षबागेचे ब्लोअर, पाठीवरचे फवारणी पंप, ब्रश कटर आणि एखादा पॉवर वीडर उघडून ठेवलेला दिसला की तेच दुकान. मिस्त्री पन्नाशीचे. तरुणपणी आठ-नऊ वर्षं रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात होड्यांच्या इंजिनांवर काम केलं, मग सासुरवाडीच्या निमित्तानं इकडे आले आणि फवारणी पंपांत रमले. बोटीचं इंजिन वर्षाकाठी दोन-चारच येतात त्यांच्याकडे. पण आलं की त्यांचे हात वेगळेच चालतात, हे मी स्वतः पाहिलं.

आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णाकाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावात इंजिनाची बोट नव्हती. गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत बसवून आम्ही म्हातारी माणसं बाहेर काढली. काहील गोल, तिला ना पुढं ना मागं. बांबू टेकवत न्यायची आणि विजेच्या तारा आल्या की सगळ्यांनी वाकायचं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. ती बातमी आली तेव्हा आमची काहील पाण्यात होती. त्यानंतर वर्गणी काढून मंडळानं रबरी बोट आणि पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं ओबीएम घेतलं. आपत्तीच्या कामातले लोक बोटीच्या मागं लटकणाऱ्या इंजिनाला ओबीएमच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा याच इंजिनानं साठ-सत्तर माणसं आणि कितीतरी शेळ्या-करडं बाहेर काढली. इंजिन माझ्याकडे असतं, गोठ्याशेजारच्या खोलीत, लाकडी घोडीवर उभं.

दर मे महिन्यात आम्ही चाचणी घेतो. यंदा पाच माणसं आणि वाळूची चार पोती घेऊन बोट पाण्यात घातली. उन्हाळ्यातही आमच्याकडे बंधाऱ्यामुळं पाणी तुंबलेलं असतं. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं, संथ चालीवर छान गुरगुरत होतं. पूर्ण रेस दिली, दोन मिनिटं बोट पळाली आणि मग दम लागल्यासारखं होऊन बसलं. पेट्रोलच्या पाइपवरचा, हातानं पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा दाबला की पुन्हा चालू, अर्ध्या मिनिटात पुन्हा बंद. शेवटी वल्ही मारत काठाला आलो. मे महिन्यातल्या संथ पाण्यात बोट बंद पडली तर वाहून काही जात नाही. पण मला तिथंच जुलैचं पाणी दिसायला लागलं, गढूळ, मधोमध झाडं वाहून आणणारं, आणि बोटीत कुणाची तरी आई बसलेली.

आधी आम्ही दुसऱ्या एका वर्कशॉपला गेलो होतो. नाव लिहीत नाही. त्यांनी इंजिनाचं झाकणही न काढता सांगितलं की कार्बोरेटर आणि फ्युएल पंपाचं किट बदलावं लागेल, साडेअकरा हजार, आठ दिवस. कदाचित तसंच असेलही, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण पैसे वर्गणीचे. शेतमजुरांनी दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांतून ते जमलेले. झाकण न उघडता साडेअकरा हजार सांगितलेलं मला सहन झालं नाही.

तासगावकडं माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. त्याचा ब्लोअर या मिस्त्रींकडं असतो. त्यानं नंबर दिला. मिस्त्रींनी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या.

"पेट्रोल कधीचं हाय टाकीत?"

मागच्या पावसाळ्यातलं, मी सांगितलं.

"बंद पडलं तेव्हा फुगा कडक होता का चपटा?"

मला आठवलं, कडक होता. दाबायला जोर लागत होता.

"आणि रिकामं चालवलं तर बंद पडतंय का वजनावर?"

वजनावर.

"मग किट-बिट काय घेऊ नका. घेऊन या. टाकी आणि पाइप पण आणा, नुसतं इंजिन आणू नका."

या तीन प्रश्नांमागचं कारण त्यांनी नंतर दुकानात समजावलं, ते बोटीचं इंजिन सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं म्हणून लिहितो. टाकीतून निघालेला पाइप फुग्यातून जातो आणि पुढं इंजिनाला लागतो. इंजिनाच्या झाकणाखाली फिल्टर, मग पंप, मग कार्बोरेटर. अडथळा फुग्याच्या अलीकडं असेल, म्हणजे टाकीच्या झाकणाची हवा बंद राहिलीय किंवा टाकीतली नळी तुंबलीय, तर इंजिन ओढून ओढून फुगा चपटा करतं. अडथळा फुग्याच्या पलीकडं असेल तर फुगा भरलेला, कडकच राहतो आणि इंजिन मात्र उपाशी मरतं. आणि कितीही दाबलं तरी फुगा कडक होतच नसेल, तर कुठंतरी हवा ओढतंय किंवा पेट्रोल गळतंय. संथ चालीवर इंजिनाला थेंबभर पेट्रोल पुरतं, म्हणून अर्धा बुजलेला फिल्टरही तिथं लपून जातो. वजन आणि पूर्ण रेस आली की पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक तासाला दहा लिटरच्या आसपास पितं. तेव्हा त्याचं बिंग फुटतं.

मी टाकी, पाइप, इंजिन सगळं टेम्पोत घालून नेलं. मिस्त्रींनी काम दुकानात न करता बाहेर लिंबाच्या झाडाखाली मांडलं. शेजारच्या चहावाल्याला स्टोव्ह लांब घ्यायला सांगितला, वाळूची बादली जवळ ठेवली. इंजिन बंद करणारी लाल दोरी काढून स्वतःच्या खिशात टाकली, म्हणजे कुणी गमतीत सुरू करायची दोरी ओढली तरी ठिणगी पडणार नाही. टाकीचा पाइप इंजिनापासून सोडवला. मग म्हणाले, "आता तुम्ही करा. पुरात मी नसणार तुमच्याबरोबर."

यासाठीच हे सगळं लिहितोय. त्यांनी पान्याला हात लावला नाही. मी चाळीस मिनिटं केलं, ते शेजारी उकिडवे बसून सांगत राहिले.

झाकण काढलं की डाव्या हाताला फिल्टरची पारदर्शक प्लास्टिकची छोटी वाटी दिसते, आमच्या इंजिनात तरी तिथं. तिच्या खाली चिंधी धरायची आणि वाटी हातानं फिरवून सोडवायची. पक्कड लावली तर वाटीला तडा जातो. वाटीतलं पेट्रोल ओतून द्यायचं नाही, ही त्यांची पहिली ताकीद. ते त्यांनी लोणच्याच्या स्वच्छ बरणीत घेतलं आणि टाकीच्या तळातलं अर्धा लिटर दुसऱ्या बरणीत. दोन्ही बरण्या कट्ट्यावर ठेवून ते चहा प्यायला गेले, मला म्हणाले बघत बसा. पाच-सात मिनिटांत दोन्ही बरण्यांत दोन थर दिसायला लागले. वर ऑइल मिसळलेलं निळसर पेट्रोल, खाली फिकट, जरा धुरकट असं काहीतरी. येताना त्यांनी मुलाच्या दप्तरातली शाईची बाटली आणली आणि चार थेंब टाकले. शाईचे थेंब वरच्या थरातून गोळीसारखे खाली गेले आणि खालचा थर तेवढा निळा झाला. शाई पाण्याची असते, ती पेट्रोलमध्ये मिसळत नाही. टाकीच्या बरणीत बोटभर थर निळा झाला होता. वाटीतल्या पेट्रोलच्या बरणीत अर्ध्याहून जास्त.

पाणी आलं कुठून? मी तर खोलीत, कोरड्या जागी टाकी ठेवली होती. मिस्त्रींनी सांगितलं ते असं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, झाकणाच्या भोकातून दमट हवा आत घेते आणि ती हवा आत ओल धरते. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि स्वतःत मिसळून ठेवतं, तोवर काही दिसत नाही. एका मर्यादेपुढं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि जड म्हणून तळाला बसतं. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. आणि वर उरलेलं पेट्रोलही इथेनॉल निघून गेल्यानं पहिल्यासारखं राहत नाही, म्हणून नुसतं वरचं गाळून वापरणंही बरोबर नाही.

इथं माझं स्वतःचं मत सांगतो. मी ऊस लावतो. इथेनॉल आमच्याच उसापासून होतं आणि त्याच्यावर माझा राग नाही. रोज चालणाऱ्या मोटारसायकलीत ते महिनाभरही टिकत नाही, जळून जातं. अडचण वर्षातून पंधरा दिवस चालणाऱ्या इंजिनाची आहे आणि पुरासाठी ठेवलेली प्रत्येक बोट अशीच असते. हे बोटीबरोबर कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पाणी सापडलं म्हणजे काम संपलं, असं मला वाटलं. मिस्त्रींना वाटलं नाही. वाटीच्या तळाला काळे बारीक कण होते. त्यांनी आधी लोहचुंबक फिरवला, कण हलले नाहीत, म्हणजे गंज नव्हे. मग एक कण पांढऱ्या कागदावर ठेवून बोटानं चोळला. काजळासारखा पसरला. ते काही न बोलता पाइपाकडं गेले, फुग्यापुढचा वीतभर तुकडा कापला आणि ब्लेडनं उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून पाइप ठणठणीत. आतलं अस्तर फुगून सुटलं होतं, उन्हात वाळलेल्या केळीच्या सालीसारखं. नख लावलं की पोपडा निघत होता.

"फिल्टर कितीबी नवा घाला," ते म्हणाले, "महिन्यात परत भरंल. ह्यो पाइप फिल्टरला खातोय."

फिल्टर विकायला बसलेल्या माणसानं फिल्टर विकण्याआधी हे सांगितलं, याचं मला मोल वाटतं. नवा फिल्टर घालून चारशे-पाचशे रुपये घेतले असते तरी मी खूश होऊन घरी गेलो असतो, आणि जुलैमध्ये पुन्हा तेच झालं असतं.

फिल्टरची जाळी नायलॉनची होती. अशी जाळी स्वच्छ पेट्रोलमध्ये धुऊन पुन्हा बसवता येते, दरवेळी नवी लागत नाही. पण आमची एका कडेला फाटलेली निघाली. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या कुणीतरी पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून ती साफ केली होती. फाटक्या कडेतून घाण पुढं गेली असणार, म्हणून कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून तिथलं पेट्रोलही बरणीत घेतलं. दोन-तीन कण निघाले, पाण्याचे थेंब निघाले, बाकी स्वच्छ. कार्बोरेटर उघडायची गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साडेअकरा हजारांतली पहिली वस्तू तिथं गळाली. पंपाचा पडदा त्यांनी उघडायला लावला, तो लवचिक होता. दुसरीही गळाली.

मूळ कंपनीची जाळी सांगलीत मिळाली नाही. मागवायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत आमच्या मंडळातल्या एका पोरानं मोटारसायकलचा छोटा फिल्टर आणला, पाइप मध्ये कापून बसवू म्हणाला. मिस्त्रींनी त्याला रागावून नव्हे, पण अगदी ठामपणे थांबवलं. मोटारसायकल तासाला जेमतेम लिटर-दीड लिटर पितं, तिचा फिल्टर तेवढंच सोडायला केलेला असतो. बोटीला पूर्ण रेसवर तो गळा दाबल्यासारखा होतो. शिवाय मध्ये पाइप कापला की दोन जोड वाढतात आणि प्रत्येक जोड ही गळायची किंवा हवा ओढायची जागा. बोटीत गळालेलं पेट्रोल रस्त्यावर सांडल्यासारखं उडून जात नाही, तळाशी साचतं आणि वाफ तिथंच राहते. पोरगं ऐकत होतं, पटलं त्याला.

मी वाचून गेलो होतो की बोटींना पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर लावतात, खाली काचेची वाटी असलेला. तो घ्यायची माझी तयारी होती. तोही त्यांनी घेऊ दिला नाही. त्यांचं म्हणणं, तो फिल्टर पक्क्या बोटीसाठी उत्तम आहे, मासेमारीच्या होडीवर त्यांनी स्वतः बसवलेत. पण आपली बोट रबरी, दरवेळी हवा भरायची, दरवेळी सोडायची. तो बसवायला मागच्या फळीला भोकं पाडावी लागतील आणि फळीत पाणी शिरलं की ती कुजते. त्यापेक्षा टाकीत पेट्रोल भरतानाच पाणी अडवा. त्यासाठी बारीक जाळीचं नरसाळं मिळतं, जाळीवर असा थर असतो की पेट्रोल खाली जातं आणि पाणी वर अडकून राहतं. ते मी घेतलं. पुरात भर पावसात कॅनमधून टाकी भरावी लागते, तेव्हा छत्री धरूनही पाणी जातंच. त्या पाण्यासाठी हे नरसाळं फार उपयोगाचं आहे. इथेनॉलमध्ये आधीच विरघळलेलं पाणी मात्र ते अडवत नाही, हेही मिस्त्रींनी विकत घ्यायच्या आधीच सांगितलं.

सामान आलं त्या दिवशी पुन्हा मलाच बसवायला लावलं. नवी ओ-रिंग, म्हणजे वाटीच्या तोंडाची रबरी कडी, ऑइलच्या बोटानं ओलसर करून खाचेत बसवायची, कोरडी ठेवली तर पिळवटते. जुनी ओ-रिंग कितीही चांगली दिसली तरी परत घालायची नाही. जाळी बसवताना ती वाटीत तिरकी नाही ना, हे उजेडात धरून बघायचं. वाटी हातानंच आवळायची, ओ-रिंग टेकली की अजून थोडीशी, बस. नवा पाइप जोडताना फुग्यावरचा बाण इंजिनाकडं. हे सांगायला नको असं वाटतं, पण माझ्या हातून पहिल्यांदा उलटा जोडला जात होता. पाइपही त्यांनी निवडून दिला, इथेनॉलला टिकणारा. क्लिपा स्टीलच्या.

मग फुगा कडक होईपर्यंत दाबला आणि वाटीभोवती, प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे गुंडाळून दहा मिनिटं ठेवले. पेट्रोलचा एक थेंब जरी झिरपला तरी कागदावर डाग उमटतो, डोळ्याला जे दिसत नाही ते कागद दाखवतो. इंजिनाच्या बाजूच्या क्लिपेखाली डाग निघाला. क्लिप पुन्हा आवळली, नवा कागद, पुन्हा दहा मिनिटं. कोरडा. त्यानंतरच लाल दोरी त्यांच्या खिशातून बाहेर आली.

इंजिन पाण्याच्या बॅरलमध्ये सोडून सुरू केलं. कोरडं चालवायचं नाही, अर्धा मिनिटसुद्धा नाही, आतला पाणी ओढणारा रबरी पंखा जळतो. मागून पाण्याची धार सुरू झाली का, हे आधी बघायचं, मग आवाज ऐकायचा. पाणी थंडगार नाही, कोमट यायला हवं. सगळं ठीक होतं. मी पैसे काढले तर म्हणाले, "बॅरलमधलं चालणं खरं धरू नका. रविवारी नदीला येतो."

आले. सकाळी साडेसात वाजता, स्वतःच्या गाडीवर. बोटीत आम्ही सहा जण, सगळे लाइफ जॅकेट घालून, कारण जॅकेटशिवाय ते बोटीत चढायलाच तयार नव्हते. प्रवाहाच्या उलट दिशेनं पूर्ण रेस, दहा मिनिटं. फवारणी पंपांना लावतात ते फेरे मोजायचं छोटं मीटर त्यांनी प्लगच्या वायरीला गुंडाळलं होतं, आकडा कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत स्थिर होता. मी फुग्यावर हात ठेवून बसलो होतो, काही करायला लागलं नाही. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला, मी रेस कमी केली आणि वळलो. परतीला त्यांनी सुकाणूचा दांडा हातात घेतला. मिरकरवाड्यानंतर नदीत पहिल्यांदाच चालवतोय, म्हणाले. चेहऱ्यावर आनंद होता.

खर्च लिहितो, कारण लोक तेच विचारतात. जाळी आणि ओ-रिंग ५६० रुपये, फुगा आणि दोन्ही टोकांच्या जोडणीसकट नवा पाइप २,३५०, क्लिपा ८०, मजुरी ५००, नदीवर येण्याचे ३००. एकूण ३,७९०. नरसाळं वेगळं, ११०० रुपये. मजुरी कमी वाटते आणि मला ती खरंच कमी वाटते. दोन दिवस आणि एक रविवार दिला त्यांनी.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. दुपारी दीड ते साडेतीन तर अजिबात नाही. संध्याकाळी सातनंतर स्वतःहून परत करतात, पण ज्याला घाई आहे त्याचा जीव टांगणीला लागतो. बोळात टेम्पो वळत नाही, आम्हाला इंजिन दोघांनी पन्नास पावलं उचलून न्यावं लागलं. पंचवीसचं इंजिन म्हणजे पन्नास किलोच्या आसपास वजन, म्हातारा माणूस एकटा जाऊ शकणार नाही. पक्कं बिल मागितल्यावर मिळालं, पण तीन हेलपाट्यांनी. मंडळाचा हिशेब लोकांसमोर वाचायचा असतो, त्यामुळं बिलाशिवाय माझं चालत नाही. हे त्यांनी सुधारायला हवं आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं आहे. आणि सामान हाताशी ठेवत नाहीत. वर्षाला चार इंजिनं येतात तर ठेवू कशाला, असं ते म्हणतात. त्यांच्या बाजूनं बरोबर आहे. पण याचा अर्थ जूनमध्ये पाऊस लागल्यावर गेलात तर सहा दिवस तुमच्याकडं नसतील. मे महिन्यातच जा. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाल्यांच्या ब्लोअरची रांग लागते, तेव्हा जानेवारीपर्यंत ते बोटीला हात लावत नाहीत.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एक गोष्ट कायमची बदलली. आता टाकीत मिसळलेलं पेट्रोल ठेवत नाही. पुराच्या दिवसांत पंप बंद पडतात, म्हणून साठा तर हवाच. मग साधं, ऑइल न घातलेलं पेट्रोल वीस लिटरच्या कॅनमध्ये ठेवतो, गळ्यापर्यंत भरलेलं, सावलीत, घरापासून लांब. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मंडळातल्या पोरांच्या मोटारसायकलींत जातं आणि तेवढ्याच पैशात ताजं येतं. टाकीच्या कडीला ४०० मिलीची ऑइलची बाटली बांधलेली आहे, वीस लिटरला पन्नासास एक या हिशेबानं तेवढंच लागतं. टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाचं. फवारणी पंपाचं ऑइल यात चालत नाही आणि हे त्यात चालत नाही. पाणी वाढायला लागलं, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की मिसळायचं, त्याआधी नाही. आणि बोट काठाला लावली की पाइप सोडून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही साचून राहत नाही.

जुलैत आयर्विनला पाणी चढायला लागल्याचा निरोप आला त्या रात्री मी अकरा वाजता खोलीत जाऊन बॅटरीच्या उजेडात वाटी बघितली. स्वच्छ होती, तळ दिसत होता. सकाळी पहिल्या ओढीला इंजिन लागलं. पाणी इशाऱ्याच्या ४० फुटांपर्यंत न जाता उतरलं, बोट लागली नाही.

तुम्ही जाणार असाल तर टाकी हलवायच्या आधी तिच्या अगदी तळातलं अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घेऊन जा, आणि जुना पाइप फेकू नका. ते आधी तेच मागतात.